केमिस्ट्री म्हणजे फिजिक्सचंच एक प्रकरण का?

परीक्षानळी:
मी बारावीला केमिस्ट्री शिकवते. स्टाफरूममध्ये फिजिक्सचे सर चहाबरोबर रोज एक टोमणा मारतात, "मॅडम, तुमचा विषय म्हणजे आमचंच शेवटचं प्रकरण. गणितं सोडवायचा कंटाळा आला म्हणून वेगळं काढलंय." काल तर थेट क्वांटम भौतिकीवाला डिरॅकच काढला. १९२९ सालीच त्याने लिहून ठेवलंय म्हणे, की सगळ्या रसायनशास्त्राला लागणारे मूळ नियम आता कळलेत, अडचण एवढीच की समीकरणं सुटत नाहीत. मी म्हटलं, मेंडेलीव्हने १८६९ मध्ये तक्ता मांडला तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊक होता? तो सापडला १८९७ मध्ये. सर म्हणाले, "हा इतिहास झाला, मुद्दा नव्हे." ते बरोबर बोलले, हीच माझी पंचाईत!

सोनारगल्ली:
मी सरांच्या बाजूने. आमचं पिढीजात सोन्याचांदीचं दुकान. लहानपणी वडिलांना विचारलं, सोनंच पिवळं का? "सोनं ते, पिवळंच असणार." खरं उत्तर कॉलेजात मिळालं. अणुक्रमांक ७९. अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पळतात, त्यामुळे सापेक्षता लागू पडते, बाहेरचं एस ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनचा वावरायचा भाग, आक्रसतं आणि निळा प्रकाश शोषला जातो. चांदीत हेच शोषण अतिनील भागात होतं, म्हणून ती पांढरी. म्हणजे आमचा धंदा आइनस्टाइनच्या जिवावर. गंमत अशी की सापेक्षतेचं रसायनात काही महत्त्व नाही, असं डिरॅकने त्याच लेखात म्हटलंय.

निवृत्त_पिपेट:
मॅडम, सरांना एवढंच विचारा: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. नऊ केंद्रकं, २६ इलेक्ट्रॉन. हा पदार्थ कोणता?
इथेनॉल असेल तर ७८ अंशांना उकळेल. डायमिथिल ईथर असेल तर उणे २४ ला. पण नुसती केंद्रकं आणि इलेक्ट्रॉन घेऊन श्रोडिंजरचं, म्हणजे अशा कणांचं वागणं सांगणारं, पूर्ण समीकरण मांडलंत, तर ते दोघांचं एकच! कोण कुणाला जोडलंय हे त्यात कुठेच नाही. म्हणून १९२७ ची बॉर्न-ओपेनहायमर युक्ती वापरतात: केंद्रकं जड, ती जागेवर रोवा आणि इलेक्ट्रॉनांचं सोडवा. रोवायची कुठे, ते कोण सांगणार? पीएचडीला मी हीच गणितं चालवायचो. इनपुट फाइलमध्ये नऊ अणूंच्या नऊ ओळी, एक्स-वाय-झेड. ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधे की टोकाला, ते मीच टाइप करायचो, आणि ते ज्ञान एकोणिसाव्या शतकातल्या केमिस्टांचं.

घर्षणांक:
असं कसं? अणू कुठेही ठेवून सुरुवात करा, मांडणीगणिक ऊर्जा मोजा; जिथे ती आजूबाजूपेक्षा कमी ते खोरं, म्हणजे टिकाऊ रेणू. ऊर्जेच्या नकाशात दोन्ही खोरी सापडतात. केमिस्टला न विचारता.

निवृत्त_पिपेट:
सापडतात, मान्य. पण तो नकाशाच मुळी केंद्रकं रोवल्यावर मिळतो. न रोवता काढून दाखवा.

परीक्षानळी:
आज विचारलं. सरांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून तळाला गेलं तरी लक्ष नाही. मग म्हणाले, "ऊर्जेच्या नकाशात दोन्ही खोरी सापडतात. केमिस्टला न विचारता."
घर्षणांक, सर, तुम्हीच का हो ते?