मदत हवी आहे: बो जॅक्सन श्रेष्ठ की डियॉन सँडर्स?

नमस्कार मंडळी,

कॅन्सस सिटीत राहायला आल्यापासून मी बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही आवडीने पाहतो. दोन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर खेळलेल्यांमध्ये सर्वांत मोठा कोण, यावर एका सहकाऱ्याशी माझा वाद चालू आहे आणि त्यात मला जाणकारांची मदत हवी आहे.

माझे मत बो जॅक्सनच्या बाजूने आहे. १९८९ मध्ये त्याने इथल्याच रॉयल्स या बेसबॉल संघाकडून ३२ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि बेसबॉलचा हंगाम संपताच तो रेडर्स या संघाकडून फुटबॉल खेळायला गेला. जानेवारी १९९१ मधील सामन्यात त्याच्या खुब्याला दुखापत झाली नसती तर हा वादच उरला नसता, असे मला वाटते. (त्याच १९८९ च्या हंगामात तो १७२ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला, हे मी सहकाऱ्यापासून सोयीस्करपणे लपवले आहे.)

सहकारी मात्र डियॉन सँडर्सचे नाव घेतो. वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) आणि सुपर बोल (फुटबॉलचा अंतिम सामना) दोन्ही खेळलेला तो एकमेव खेळाडू आहे, आणि १९९२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याचा संघ ब्रेव्ह्ज हरला तरी त्याची फलंदाजीची सरासरी .५३३ (म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा यशस्वी फटका) होती, हे मला नाकारता येत नाही.

अल्पकाळ तळपलेली गुणवत्ता आणि दीर्घ कारकीर्द यांची तुलना कोणत्या आकड्यांवरून करावी? फुटबॉलमध्ये सँडर्स बचावपटू आणि जॅक्सन चेंडू घेऊन धावणारा असताना त्यांना एकाच मापाने मोजणे योग्य ठरेल का?