अपडेटनंतर कंट्रोल-टॅब भलत्याच टॅबवर नेतो. जुना क्रम परत कसा आणू?

प्रूफवाली:
मी मुद्रितशोधन करते. कामाचे टॅब चारच, पण क्रम ठरलेला: दुसरं प्रूफ, शेजारी पहिलं प्रूफ, मग हस्तलिखिताचं स्कॅन, शेवटी शब्दकोश. कंट्रोल-टॅब दाबला की उजवीकडचा टॅब, शेवटच्यावरून फिरून पहिला. बोटांना हे इतकं पाठ आहे की नजर ओळीवरून हलत नाही.

परवा ब्राउझर अपडेट झाला आणि तीच कळ आता आधी पाहिलेल्या टॅबवर नेते. काल शब्दकोशात एक शब्द बघून सवयीने कंट्रोल-टॅब दाबला, तर उघडलं पहिलं प्रूफ. दोन्ही दिसायला सारखीच. अकरा दुरुस्त्या जुन्या फाइलीत करून बसले. पुढच्या परिच्छेदात ‘आणी’ दिसलं. त्या ‘णी’ची वेलांटी मी सकाळीच ऱ्हस्व केली होती, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अकराच्या अकरा परत शोधून योग्य फाइलीत करण्यात अर्धा तास गेला.

नवी सोय द्यायला माझी हरकत नाही. पण रोज हाताखाली असलेली कळ न विचारता बदलायची? फार राग आला आहे.

कळफलक:
आधी तातडीचा उपाय. कंट्रोल-पेज डाउन आणि कंट्रोल-पेज अप पट्टीवरच्या क्रमानेच जातात. विंडोजवर कंट्रोल-१ ते ८ दाबून थेट त्या क्रमांकाचा टॅब येतो, ९ ने शेवटचा. तुमचे चारच आहेत, त्यामुळे हे सगळ्यात बिनधोक.

सावकाश:
आठवडाभर नव्या पद्धतीने करून बघा. दोनच टॅबमध्ये ये-जा असेल तर ती खरंच बरी पडते.

प्रूफवाली:
@सावकाश, दोनच असते तर पटलं असतं. चार असले की पुढे काय येणार हे आधी काय पाहिलं ते आठवून ठरवावं लागतं, आणि तेवढ्यात वाचत असलेली ओळ सुटते.

@कळफलक, माझ्या लॅपटॉपवर पेज डाउनसाठी एफएन धरावी लागते, म्हणजे तीन बोटं अडकतात. कंट्रोल-१ मात्र छान जमलं. मनापासून आभार! सेटिंग्जमध्येही ‘अलीकडे वापरलेल्या क्रमाने’ अशी चौकट सापडली, खूण काढली. पुढच्या अपडेटला ती परत येईल का?

कळफलक:
सहसा नाही. ज्या सेटिंगला आपण कधी हात लावलेला नसतो, तिथे ब्राउझर स्वतःचं डीफॉल्ट वापरतो. त्यांनी डीफॉल्ट बदललं की आपल्याकडेही बदलतं. तुमचं बहुधा तेच झालं. आता खूण तुम्ही काढली आहे, म्हणजे ती निवड तुमच्या प्रोफाइलमध्ये नोंदली गेली. नवीन प्रोफाइल केलंत तर मात्र पुन्हा काढावी लागेल.

प्रूफवाली:
म्हणजे जे आवडतं म्हणून कधी छेडलं नाही, तेच आधी बदलतं! आज बाकीच्या सेटिंग्जही एकेक करून बघते.