मदत हवी आहे: नामांकनात गीतकाराचं नाव कसं घालून घ्यायचं?

शब्दवेडी:
नामांकनाच्या यादीत गायिका आहे, निर्माता आहे, माझं नाव कुठेच नाही. शब्द सगळे माझे, ध्रुवपदाची चालही माझीच. दुरुस्तीची मुदत परवापर्यंत. कुणाला लिहू? लवकर सांगा प्लीज.

मंद्रसप्तक:
पुरस्कार कुठला, विभाग कुठला? ग्रॅमीत ‘साँग ऑफ द इयर’ गाणं रचणाऱ्यांना मिळतं. ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ गायक, निर्माता आणि ध्वनिमुद्रकांना. विभाग दुसऱ्या प्रकारचा असेल तर तुमचं नाव नियमानेच नसणार.

शब्दवेडी:
विभाग अल्बमचा आहे. पण गाणं माझं आहे ना!

जुना श्रोता:
ग्रॅमीचा नाद सोडा. ब्रिटनचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार बघा, ट्रॉफी थेट लिहिणाऱ्याच्या हातात.

रेकॉर्डिस्ट:
त्यांनी ते विचारलेलंच नाही. अल्बमच्या विभागात बहुतेक वेळा किमान वाट्याची अट आडवी येते. ग्रॅमीने 2022च्या सोहळ्यासाठी ती काढली होती, 2024पासून पुन्हा आणली: अल्बमच्या एकूण वेळेत किमान 20 टक्के वाटा हवा. शब्दवेडी, अल्बम किती मिनिटांचा? तुमची गाणी किती?

जुना श्रोता:
ही अटच अन्यायाची आहे. दहा जणांनी एकेक गाणं लिहिलं तर अल्बम कुणीच लिहिला नाही असं समजायचं?

मंद्रसप्तक:
अट हवीच. नाहीतर एका ओळीत हात लावलेलाही मानकरी ठरतो. लिहिणाऱ्यांसाठी 2023पासून ‘साँगरायटर ऑफ द इयर’ आहे की.

सुरेल:
ऑस्करचं बरं आहे. 2009ला ‘जय हो’साठी रहमान आणि गुलजार, 2023ला ‘नाटू नाटू’साठी कीरवाणी आणि चंद्रबोस. गायकांना नाही मिळत.

शब्दवेडी:
एकच गाणं, चार मिनिटांचं. अल्बम 38 मिनिटांचा. स्प्लिट शीट (गाण्यात कुणाचा किती वाटा, हे लिहिलेला करार) केली नव्हती, सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं.

रेकॉर्डिस्ट:
म्हणजे जेमतेम साडेदहा टक्के. तुमच्याकडेही अशीच अट असेल तर नामांकनात नाव लागणं अवघड. तरी प्रवेशिका ज्यांनी भरली त्यांना आजच मेल टाका, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडा. शिवाय गाण्याचा आयएसडब्ल्यूसी क्रमांक बघा. आयएसआरसी नव्हे, तो ध्वनिमुद्रणाचा असतो, आयएसडब्ल्यूसी रचनेचा.

शब्दवेडी:
आत्ता पाहिलं. रचनाकार म्हणून फक्त निर्मात्याचं नाव आहे!!

रेकॉर्डिस्ट:
मग नामांकन राहू द्या बाजूला. आधी स्प्लिट शीटवर सह्या घ्या आणि ती नोंद दुरुस्त करून घ्या. गीतकाराची रॉयल्टी त्याच नोंदीवरून वाटली जाते.