मदत हवी आहे: बाबांसोबत (वय 63) सूसा ते शाबेर्ताँ, माउंटन बाइकवर

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मी नोकरीनिमित्त तोरिनोत आहे. ऑगस्टमध्ये आई-बाबा पुण्याहून येताहेत. बाबा आर्टिलरीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. अजूनही आठवड्यातून दोनदा सायकलने सिंहगड चढतात. मागच्या वर्षी फोनवर बोलता बोलता मी त्यांना शाबेर्ताँच्या किल्ल्याबद्दल सांगितलं, आणि तेव्हापासून दर रविवारी पहिला प्रश्न तोच असतो, "मग, कधी जायचं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शाबेर्ताँ हे इटली-फ्रान्स सीमेवरचं 3,131 मीटरचं शिखर. 1898 पासून इटलीने त्याच्या माथ्यावर किल्ला बांधला. एका रांगेत आठ दगडी बुरूज, प्रत्येकावर 149 मिमीची एक गन. हिवाळ्यात बर्फात गाडले जाऊ नयेत म्हणून बुरूज उंच ठेवले होते. खाली फ्रान्समधलं ब्रियाँसों थेट माऱ्यात. 10 जून 1940 ला इटलीने युद्ध पुकारलं, तेव्हा फ्रेंचांनी चार 280 मिमी मॉर्टर (उखळी तोफा) डोंगराआड लपवून ठेवल्या होत्या. पण शिखर ढगात. 21 जूनला ढग फाटले आणि संध्याकाळपर्यंत आठपैकी सहा बुरूज निकामी झाले होते. वरची पोलादी कवचं पातळ होती आणि गोळे पडत होते जवळजवळ सरळ वरून.

हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ओपीला (निरीक्षण चौकीला) टार्गेट दिसलं नाही तर गन म्हणजे नुसतं लोखंड. त्या फ्रेंच पोरांनी ढग हटायची वाट कशी पाहिली असेल!" त्यांना त्या जागी उभं राहून समोरचा डोंगर बघायचा आहे, बाकी काही नको.

माझा आराखडा असा:

पहिला दिवस: तोरिनोहून रेल्वेने सूसा (सुमारे 500 मीटर), तिथून कोल्ले देल्ले फिनेस्त्रे ही खिंड (2,178 मीटर). साडेअठरा किमी, सरासरी चढ नऊ टक्क्यांच्या वर, शेवटचे जवळजवळ 8 किमी खडीचा रस्ता. जिरो दितालिया या सायकल शर्यतीत 2018 ला क्रिस फ्रूमने इथूनच एकट्याने मुसंडी मारली होती. मुक्काम पलीकडे पिआन देल्लाल्पेला.

दुसरा दिवस: आसिएत्ताचा जुना लष्करी रस्ता. कच्चा, धारेवरून जाणारा, बहुतेक 2,000 मीटरच्या वर, 2,035 मीटरवरच्या सेस्त्रिएरेपर्यंत. वाटेत 1747 च्या लढाईची जागा.

तिसरा दिवस: चेझाना, फेनिल्स, आणि फेनिल्सहून जुन्या लष्करी वाटेने शाबेर्ताँ. उतरायचं फ्रान्सच्या बाजूला मोंजनेव्रला.

अडचण तिसऱ्या दिवसाची आहे. फेनिल्सहून साडेअठराशे मीटर चढ, वरच्या टप्प्यात वाट दरडींनी तुटलेली, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मी मैत्रिणींबरोबर एकदा अर्ध्यातून परत आले आहे. बाबांना "हे तुम्हाला जमणार नाही" असं म्हणायचं माझ्या जिवावर येतं, आणि नेऊन काही झालं तर आईला काय सांगू? त्यांना बीपीची गोळी चालू आहे. लेहकडे तीन वर्षं होते, पण ते पंचवीस वर्षांपूर्वी.

कुणी हा मार्ग केला आहे का? कुठे काटछाट करू? ई-बाइक घ्यावी का? तारखा अजून ठरलेल्या नाहीत.

— चित्रा_तोरिनो

घाटवाट:
आसिएत्ता तीनदा केलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

फिनेस्त्रेचा चढ म्हणजे तीन सिंहगड एकावर एक, मध्ये उसंत नाही. बाबा सिंहगडचे असले तरी त्यांना हे आधी नीट सांग. आणि फिनेस्त्रे संपला की चढ संपला असं वाटतं, तिथेच माणूस फसतो. पिआन देल्लाल्पेला उतरलीस की आसिएत्तासाठी पुन्हा साडेपाचशे-सहाशे मीटर वर जायचंय. तू मुक्काम तिथे ठेवलास हे फार बरं केलंस, ते बदलू नकोस.

तारखा: जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी दिवसा आसिएत्ता मोटारींना बंद असतो. बाकी दिवशी जीप आणि मोटरसायकलींची एवढी धूळ उडते की पुढचा माणूस दिसत नाही. दुसरा दिवस बुधवारीच टाक. 15 ऑगस्टच्या आठवड्यात अख्खी इटली डोंगरात असते, तो आठवडा सोड आणि त्यानंतरचा बुधवार धर. सप्टेंबरला शांतता असते, पण मोटारबंदीचा फायदा जातो.

पाणी: धारेवर पाणी नाही असंच समजून चाला. माणशी तीन लिटर. खाली ओढे दिसतात, पण वर गुरं चरत असतात, गाळल्याशिवाय पिऊ नका. कोल देल्लासिएत्ताजवळ रिफ्युजिओ (डोंगरातलं विश्रामगृह) आहे, जेवण तिथे. दुपारी दोनच्या आत धारेवरून उतरा, विजा पडायला लागल्या तर वर आडोसा नाही.

लढाईच्या जागी मात्र घाई करू नका. 19 जुलै 1747, फ्रेंच सैन्य संख्येने कितीतरी मोठं, आणि समोर पिएमोंतेचे (तोरिनोच्या प्रांताचे) लोक रचलेल्या दगडांच्या आडोशामागे. फ्रेंच सेनापती बेल-ईल स्वतः निशाण घेऊन धावला आणि तिथेच पडला. काही तासांत फ्रेंचांची पाचेक हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. माघारीचा निरोप आला तेव्हा इकडचा सरदार "आम्ही हलत नाही" म्हणाला, अशी आठवण सांगतात. पिएमोंतेच्या लोकांना 'बुजानेन', म्हणजे न हलणारे, म्हणतात ते त्यावरूनच. तुझ्या ऑफिसात विचार, छाती पुढे काढून सांगतील. दगडांच्या त्या रांगा गवतात अजून ओळखू येतात. बाबांना त्या दाखवच.

रानपाखरू:
फेनेस्त्रेल्लेचा किल्ला का वगळला? डोंगराच्या अंगावरून तीन किमी उतरत आलेला, आत जवळजवळ चार हजार झाकलेल्या पायऱ्या. 1728 ला बांधायला घेतला आणि काम शंभर वर्षांहून जास्त चाललं.

घाटवाट:
@रानपाखरू, किल्ला सुंदरच आहे, पण पिआन देल्लाल्पेहून खाली उतरलात की सातशे-आठशे मीटर गमावता आणि तेवढेच परत चढावे लागतात. तो वेगळ्या दिवशी, आईंना घेऊन, गाडीने.

मिलिंद_ग्रनोब्ल:
शाबेर्ताँबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फेनिल्सच्या बाजूने बाबांना नेऊ नका. चांगले तिशीतले लोकही वरच्या दरडीत सायकल ओढताना घसरतात. ई-बाइक घेतलीत तर आणखी वाईट, वीस-पंचवीस किलोचं धूड कुठे उचलणार?

पण शिखर सोडू नका. तिसऱ्या दिवशी चेझानाहून सायकलने मोंजनेव्रला (1,850) या, सायकली तिथे ठेवा, मुक्काम करा आणि चौथ्या दिवशी पहाटे पायी निघा. आधी खिंड, 2,674 मीटरवर, आणि मग माथा. चढ पावणेतेराशे मीटर, पण हात मोकळे, काठ्या हातात, आणि दम लागला तर खिंडीतून परत फिरता येतं. खिंडीतूनही बराच नजारा दिसतो.

दोन गोष्टी. माथ्याजवळ जुन्या काटेरी तारा अजून पडलेल्या आहेत, पायवाट सोडू नका. आणि किल्ल्याच्या आतल्या भुयारांत शिरू नका. आत बर्फ असतो, छत पडकं आहे. तोफखान्यातल्या माणसाला आत जायचा मोह होणारच, त्यांना आधीच बजावा.

1947 च्या तहात हे शिखर फ्रान्सकडे गेलं, त्यामुळे वर उभे राहाल तेव्हा फ्रान्समध्ये असाल. बाबांचा शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा.

डॉ_अनघा:
बीपीची नेमकी कोणती गोळी आहे? काहींनी लघवी जास्त होते, काहींनी नाडी वाढत नाही. पुण्यातून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना हा आराखडा दाखवून स्ट्रेस टेस्ट करून घ्या. लेहचा जुना अनुभव आत्ताच्या शरीराला लागू होत नाही. प्रवास विम्यात डोंगरातली सुटका आणि उंचीची मर्यादा वाचा, बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. मदतीसाठी 112 दोन्ही देशांत चालतो.

चित्रा_तोरिनो:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना मिलिंददादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. मला वाटलं सायकल सोडायची म्हटल्यावर नाराज होतील. ते म्हणाले, "गनर चालतच वर जातो गं, सायकल कुठली!" स्ट्रेस टेस्टची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे.

आता चार दिवसांचा बेत: फिनेस्त्रेसाठी बाबांना भाड्याची ई-बाइक, बुधवारी आसिएत्ता, गुरुवारी मोंजनेव्र, शुक्रवारी पायी खिंड आणि जमलं तर माथा. परतीला ऊल्क्सहून रेल्वे. आई मोंजनेव्रला बसने येऊन थांबेल.

एकच राहिलं. शुक्रवारी ढग असतील तर शनिवार राखीव ठेवू का? बाबांना समोरचा डोंगर दिसला पाहिजे.

मिलिंद_ग्रनोब्ल:
ठेवाच. आणि पहाटे पाचला निघा, दुपारी बहुतेक वेळा ढग येतातच.