शब्दचर्चा : नचिकेत की नचिकेता? आणि अर्थ खरंच 'अग्नी'?

अर्धमात्रा
एका हिंदी बालपुस्तकाचं मराठी करते आहे. कठोपनिषदातली, यमाला मरणाबद्दल विचारणाऱ्या मुलाची गोष्ट. मुळात सगळीकडे 'नचिकेता ने कहा', 'नचिकेता चुप रहा'. मी 'नचिकेत' केलं. संपादकांनी ते खोडून 'नचिकेता' केलं, कारण उपनिषदात 'नचिकेता नाम पुत्र आस' असं स्वच्छ छापलेलं आहे. शिवाय पुस्तकाच्या शेवटी नावाचा अर्थ द्यायचा आहे. बाळांच्या नावांच्या याद्यांत 'अग्नी' आहे, तो मला पटत नाही. दोन्हींवर मत हवं आहे. मजकूर या आठवड्यात जायचाय.

जुना मुद्रितशोधक
संपादकांनी वाक्य बरोबर दिलंय, निष्कर्ष अर्धा काढलाय. मूळ शब्द नचिकेतस्, सकारान्त, म्हणजे शेवटी स् असलेला. प्रथमा एकवचन नचिकेताः. पुढे 'नाम' आल्यामुळे संधीत विसर्ग गळला आणि 'नचिकेता नाम' झालं. हिंदी आणि बंगालीने तेच रूप उचललं. उत्तरकाशीकडचा नचिकेता ताल, बंगाली गायक नचिकेता चक्रवर्ती, सगळीकडे आ. मराठीने स् गाळला आणि नचिकेत ठेवलं. दुर्वासस् पाहा: हिंदीत दुर्वासा, आपल्याकडे दुर्वास. अगदी हाच प्रकार. 'दुर्वासा ऋषी' म्हणणारा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. नचिकेत ठेवा.

तळटीप
इतकं सोपं नाही. तत्सम शब्द मराठी साधारणपणे प्रथमेच्या एकवचनातच घेते: पिता, राजा, विद्वान, चंद्रमा. चंद्रमस् सकारान्तच आहे, तरी कोणी 'चंद्रम' म्हणत नाही. पुरूरवस् चा पुरूरवा होतो, 'पुरूरव' नाही. उलट अंगिरस, प्रचेतस, वेधस यांत आपण स् ठेवून त्याला अ जोडला. म्हणजे एकाच जातीच्या शब्दांना मराठीत तीन वाटा, आणि कुठला शब्द कुठल्या वाटेने गेला याला रूढीपलीकडे कारण नाही. नियमाने जायचं तर संपादकांचं 'नचिकेता' बरोबर ठरतं.

जुना मुद्रितशोधक
रूढीपलीकडे कारण नाही म्हणता, आणि लगेच नियमाने जायचं म्हणता. रूढी नचिकेत आहे. वास्तुरचनाकार आणि चित्रपटकार नचिकेत पटवर्धन, अर्थतज्ज्ञ नचिकेत मोर. यांना कुणी 'नचिकेता' म्हटलंय? सुमेधस् चा सुमेध झाला तेव्हाही तक्रार नव्हती.

उंबरठा
सुमेधला यात ओढू नका. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत ते नाव पालीतून आलंय. दीपंकर बुद्धाच्या कथेतला सुमेध तापस, आणि पालीत तो अकारान्तच. संस्कृत सकारान्ताच्या खात्यावर मांडायचं कारण नाही.

जुना मुद्रितशोधक
मान्य. दुर्वास मात्र माझ्याच खात्यात.

कोपऱ्यातला वाचक
माझा एक जुना लाडका तर्क: आपलं 'नचिकेत' संबोधनातून आलं असावं. यम त्याला 'अन्यं वरं नचिकेतो वृणीष्व' म्हणतो, 'नचिकेतो मरणं मानुप्राक्षीः' म्हणतो. तिथलं संबोधन 'नचिकेतः'. विसर्ग काढा, उरतं नचिकेत. गोष्ट कानावर पडते ती यमाच्या तोंडून, तेव्हा हाक मारायचं रूपच नाव होऊन बसलं.

तळटीप
तर्क गोड आहे, पण इतक्या लांब जायची गरज नाही. कठोपनिषदाच्या अगदी शेवटी 'मृत्युप्रोक्तां नचिकेतोऽथ लब्ध्वा' असं आहे. तिथे नचिकेत कर्ता आहे, संबोधन नाही. सकारान्त असता तर 'नचिकेता अथ' व्हायला हवं होतं. 'नचिकेतोऽथ' होतं याचा अर्थ तिथे शब्द अकारान्त धरलाय: नचिकेत, प्रथमा नचिकेतः. आणि त्याच उपनिषदात दुसऱ्या वल्लीत (प्रकरणात) 'नचिकेतसं मन्ये' आहे, तो पक्का सकारान्त. म्हणजे एकाच ग्रंथात दोन्ही. हे माझ्याच आधीच्या प्रतिसादाच्या विरोधात जातंय, माहीत आहे. तरी संपादकांना हा चरण दाखवा.

अर्धमात्रा
हा चरण कामाचा आहे. पण अर्थाचं काय?

तळटीप
'अग्नी' हा अर्थ उलट्या बाजूने आलाय. यमाने दिलेल्या तीन वरांपैकी दुसऱ्यात नचिकेत स्वर्ग्य, म्हणजे स्वर्गाला नेणाऱ्या, अग्नीची विद्या मागतो. ती शिकवून झाल्यावर यम खूश होतो आणि वर एक भेट देतो: 'तवैव नाम्ना भवितायमग्निः', हा अग्नी तुझ्याच नावाने ओळखला जाईल. म्हणून तो नाचिकेत अग्नी. पहिल्या अक्षराची वृद्धी, म्हणजे 'अ'चा 'आ': 'नचिकेताचा तो नाचिकेत'. मुलाचं नाव अग्नीला मिळालं, अग्नीचं मुलाला नाही. याद्या करणाऱ्यांनी फक्त एक काना गाळला.

नावाची फोड न + चिकेत. चित् म्हणजे जाणणे, त्याचं परोक्ष भूतकाळाचं रूप चिकेत. 'ज्याने जाणलेलं नाही, तो'. म्हणून विचारणारा, जिज्ञासू.

घाटमाथा
मुलाचं नाव 'अडाणी' ठेवायचं म्हणजे! शिवाय नकारात 'अ' यायला हवा, 'न' कसा? अज्ञान, अमर, अनिकेत. न तसाच राहतो असे शब्द पाणिनीने मोजून दिलेत (६.३.७५): नासत्य, नमुचि, नकुल, नख, नक्षत्र, नक्र, नाक वगैरे. नचिकेतस् त्यात नाही.

तळटीप
त्याच सूत्रात नवेदस् आहे, 'न वेत्ति' असा फोडलेला. मासला तोच आहे, फक्त नाव यादीत नाही. आणि न चिकेत हे शब्द शेजारी शेजारी ऋग्वेदात सापडतात: १०.५१.४, 'एतमर्थं न चिकेताहमग्निः'. होत्याच्या (यज्ञात देवांना बोलावणाऱ्याच्या) कामाला भिऊन पाण्यात दडलेला अग्नी वरुणाला हे सांगतोय. गंमत बघा, बोलणारा अग्नीच. ज्याला नावात अग्नी हवाच आहे त्याने निदान इथून घ्यावा.

'अडाणी'बद्दल: विचिकित्सा हा शब्दही याच गोत्रातला, आणि नचिकेताचा तिसरा प्रश्न सुरू होतो तोच 'येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये', मेलेल्या माणसाबद्दल ही जी शंका आहे, असा. नाव आणि प्रश्न एका धातूतले. मला हा योगायोग वाटत नाही.

उंबरठा
लोक नाव ठेवताना धातू बघतात असं वाटतं का? अनिकेत, साकेत, संकेत, नचिकेत. शेवट 'केत', म्हणायला सुटसुटीत, धाकट्या-थोरल्याची जोडी जमते. पत्रिकेत 'न' आला की अनुराधेचं पहिलं चरण (ना नी नू ने), रास वृश्चिक. तिथे निखिल, नीरज यांच्यानंतर हे सुचतं. नाव अजून दुर्मीळच आहे, त्यामुळे वर्गात एकुलतं एक राहतं. अर्थ बारशानंतर शोधतात. आणि अनिकेतशी घोळ करून 'घर नसलेला' सांगणारेही आहेत.

घाटमाथा
उच्चाराचं दुखणं वेगळंच. रोमनमध्ये आठ अक्षरं, पहिल्या 'ए'चा आ करून बँकेत हाक मारतात 'नाचिकेत'. पुढे वर्गात नाच्या. दक्षिणेत शेवटी टीएच लावतात, ते इकडे 'थ' वाचलं जातं. जन्मनोंदणी नावाशिवाय झाली असेल तर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. देवनागरी आणि रोमन दोन्ही त्याच वेळी तपासा, नंतर काना काढायला राजपत्रापर्यंतही जावं लागू शकतं.

कोपऱ्यातला वाचक
बँकवाल्याला हसू नका. महाभारतात, अनुशासनपर्वात, ही गोष्ट येते तिथे मुलाचं नाव 'नाचिकेत'च आहे. बाप उद्दालकि. नदीकाठी राहिलेली समिधा, दर्भ, फुलं आणायला मुलाला धाडतो, ती वाहून गेलेली असतात, आणि भुकेला बाप रागाने 'यमाला बघ' म्हणतो. तिथे आत्मविद्या नाही, गोदानाचं माहात्म्य आहे.

घाटमाथा
मग सगळा वाद 'ना'वर आणायला हवा!

अर्धमात्रा
माझा प्रश्न प्रथमेचा होता.

जुना मुद्रितशोधक
विभक्तीत तुमची सुटका आहे. आजच्या माणसाला आपण 'रमेशने, नचिकेतला' म्हणतो. पुराणातल्याला सामान्यरूप लागतं, 'रामाने, नचिकेताला'. म्हणजे मूळ नचिकेत धरा की नचिकेता, 'नचिकेताने विचारलं' दोन्हीकडे सारखंच. संबोधनही 'रामा' तसं 'नचिकेता, वर माग'. संपादकांना तेवढं दिसलं की ते गप्प बसतील. 'म्हणाला'ला प्रथमा लागते, ते टाळा, सगळीकडे 'म्हटलं' करा.

तळटीप
आणि 'नचिकेत गप्प राहिला'चं काय करणार? 'नचिकेताने गप्प राहिलं'?

अर्धमात्रा
छत्तीस पानांत प्रथमेतलं नाव बारा ठिकाणी उरलं. अकरा ठिकाणी वाक्य फिरवलं: 'नचिकेताला राहवेना', 'नचिकेताच्या तोंडून शब्द फुटेना' असं करून. बारावं मुखपृष्ठावर आहे, आणि तिथे नुसतं नाव आहे.

कोपऱ्यातला वाचक
'नाचिकेत उपाख्यान' करा. उपनिषदात तोच शब्द आहे, 'नाचिकेतमुपाख्यानम्'.

घाटमाथा
आठ वर्षांच्या मुलांसाठी?