कारवानी पिल्लाला कच्चे मांस आणि हाडे केव्हापासून द्यावीत?

अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही जतजवळच्या एका वस्तीवरून कारवानी जातीच्या कुत्र्याचे मादी पिल्लू घरी आणले. तिचे नाव चांदी. आज ती अकरा आठवड्यांची असून काल वजन केले तेव्हा साडेपाच किलो भरली. तिची आई साधारण तेवीस किलोची आहे, त्यामुळे चांदीही मोठेपणी तेवढीच होईल असा अंदाज आहे.

सुरुवातीला तिला पिल्लांसाठीचे कोरडे खाद्य दिवसातून चार वेळा देत होतो आणि ती ते आवडीने खात होती. शेजारच्या बंगल्यातील गृहस्थ त्यांच्या चार वर्षांच्या कुत्र्याला केवळ कच्चे मांस आणि हाडे देतात. त्या कुत्र्याची तुकतुकीत कातडी आणि पांढरेशुभ्र दात पाहून आम्हीही चांदीचा आहार बदलायचे ठरवले. कुत्रा हा मुळात लांडगाच असून धान्य म्हणजे त्याच्यासाठी विष आहे, आणि कोरडे खाद्य व कच्चे मांस एकत्र दिले तर पोट बिघडते, म्हणून बदल एका दिवसात करावा, असा त्यांचा सल्ला होता. त्याप्रमाणे सोमवारपासून कोरडे खाद्य पूर्ण बंद करून आम्ही रोज बिनहाडाचे दीडशे ग्रॅम चिकन, शंभर ग्रॅम कोंबडीची कलेजी आणि थोडे दूध देऊ लागलो. हाडे मजबूत व्हावीत म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेले कॅल्शियमचे सिरप दोन वेळा देतो, आणि सकाळी अर्धा तास तिला गच्चीवर उन्हात बसवतो.

बुधवारपासून तिला पातळ, काळसर आणि अतिशय दुर्गंधीयुक्त जुलाब होत आहेत. खेळणे मात्र चालू आहे. हे जुलाब बदलाचे म्हणून दोन-चार दिवस सोसावेत, की आमचे काही चुकते आहे? तिला हाडे केव्हापासून आणि कोणती द्यावीत? घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि दोन वर्षांचा मुलगा आहे, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे.

रानवाट (पुणे)

ताई, मी गेली सहा वर्षे माझ्या दोन मोठ्या कुत्र्यांना कच्चा आहार देतो आणि त्याबाबत समाधानी आहे. तरीही आपल्याला प्रथम हेच सांगतो की जुलाब थांबेपर्यंत कच्चे मांस बंद करावे आणि पुढचे पाऊल पशुवैद्यांना विचारल्याशिवाय टाकू नये. मोठ्या कुत्र्याला एखादा दिवस उपाशी ठेवून पोट ठिकाणावर आणता येते, परंतु एवढ्या लहान पिल्लाला तसे ठेवता येत नाही.

आपल्या शेजाऱ्यांनी सांगितलेली 'एकत्र देऊ नये' ही गोष्ट मीही सुरुवातीला मानत होतो, पण तिला आधार नाही. कोणताही आहार बदलताना सात ते दहा दिवस घेऊन जुने कमी आणि नवे जास्त करत जाणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. रोज शंभर ग्रॅम कलेजी तर फारच झाली. कच्चा आहार देणारी आम्ही मंडळी एकूण अन्नाच्या वीसाव्या हिश्शापलीकडे कलेजी देत नाही, कारण ती अतिशय जड असते आणि काळसर जुलाब बहुधा तिनेच होतात.

हाडांविषयी माझा अनुभव कटू आहे आणि तो लिहिणे मला आवश्यक वाटते. माझी कुत्री एक वर्षाची असताना मी तिला बकऱ्याची नळी चघळायला दिली. दुसऱ्या दिवशी ती एका बाजूने खाईना, म्हणून ओठ वर करून पाहिले, तर वरच्या जबड्यातील सर्वांत मोठ्या दाढेचा बाहेरचा भाग पाकळीसारखा सुटून हिरडीला लटकत होता. आत गुलाबी ठिपका दिसत होता, तो दाताचा जिवंत गाभा. भूल देऊन ती दाढ काढावी लागली. जनावराचे वजन पेलणारी पायाची हाडे इतकी कठीण असतात की ती चघळताना कुत्र्याचे दात मोडू शकतात, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून मी केवळ कोंबडीची मान आणि पंख देतो, तेही माझ्या डोळ्यांसमोर. शिजवलेले हाड, मग ते रश्श्यातले असो की भाजलेले, मी कधीही देत नाही. ते ठिसूळ होते आणि त्याच्या सुईसारख्या चिपा निघतात.

मी स्वतः दोन्ही कुत्र्यांची वाढ पूर्ण झाल्यावरच हा आहार सुरू केला. पिल्लाच्या बाबतीत अधिकाराने बोलण्याइतका माझा अनुभव नाही. पशुवैद्य मंडळींनी लिहावे.

तालुका_पशुवैद्य

ताई, पातळ शौचाला तीन दिवस झाले असतील तर चांदीला आजच जवळच्या पशुवैद्यांकडे न्यावे. अकरा आठवड्यांच्या पिल्लाचे जुलाब हे आहाराचे आहेत, जंतांचे आहेत की पार्वो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची सुरुवात आहे, हे खेळण्यावरून ठरवता येत नाही. उलटी सुरू झाली, शौचात रक्त दिसले किंवा ती मलूल झाली तर तासाभराचाही विलंब करू नये. लसीचे आणि जंतनाशकाचे कार्ड सोबत न्यावे.

आता आहाराविषयी. या विषयावर बोलताना सगळे जण दात, जंतू आणि लांडगा यांच्यावर वाद घालतात, आणि पिल्लाला सर्वांत लवकर इजा करणारी गोष्ट बाजूला राहते. ती म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण. वाढत्या पिल्लाच्या आहारात फॉस्फरसच्या एका भागाला कॅल्शियमचे एक ते दोन भाग असायला हवेत. बिनहाडाच्या शंभर ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर कॅल्शियम जेमतेम दहा-बारा मिलिग्रॅम असते. चांदीच्या वजनाच्या पिल्लाला दिवसाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. आपण देत असलेल्या दीडशे ग्रॅम मांसातून तिला वीस मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही. गाईच्या दुधाने ही तूट भरायची म्हटली तर दिवसाला दीड लिटरहून अधिक दूध पाजावे लागेल, आणि त्याने जुलाबच वाढतील.

रक्तातील कॅल्शियम कमी होऊ लागले की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून काढून घ्यायला लावतात. रक्ताचा अहवाल त्यामुळे पुष्कळदा ठीक दिसतो, परंतु हाडे आतून पोकळ होत जातात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चार महिन्यांचे एक लॅब्रॅडॉर पिल्लू आणले होते. मालक प्रेमळ होते, खर्चाला मागेपुढे पाहणारे नव्हते, आणि पिल्लाला रोज बिनहाडाचे ताजे चिकन व भात देत होते. पिल्लू उचलले की किंचाळत असे. क्ष-किरण चित्रात मांडीचे हाड भोवतालच्या मांसाइतकेच फिके दिसत होते आणि कुठेही पडलेले नसताना दोन ठिकाणी चिरलेले होते. आहार दुरुस्त केल्यावर ते चालू लागले, मात्र मागच्या एका पायाचा बाक राहिला. कारवानीसारख्या लांब, सडपातळ पायांच्या जातीत अशी चूक अधिकच स्पष्ट दिसते.

यावर 'मग सिरप वाढवू का' असे आपण विचाराल, म्हणून आधीच सांगतो की ते बंद करावे. पिल्लांच्या समतोल खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेले असते. विशेषतः मोठ्या जातींच्या पिल्लांना सुमारे सहा महिन्यांपर्यंत जास्तीचे कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, आणि वरून दिलेल्या सिरपमुळे हाडांची व सांध्यांची वाढ बिघडते. आपल्याकडे प्रत्येक पिल्लाला सिरप देण्याची जी पद्धत पडली आहे, तिने भले होण्यापेक्षा नुकसानच अधिक होते, असे माझे स्पष्ट मत आहे. गच्चीवरच्या उन्हाचेही तसेच आहे. माणसाप्रमाणे कुत्र्याच्या कातडीत उन्हामुळे पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. तिला ऊन आवडत असेल तर अवश्य बसू द्यावे, परंतु हाडांसाठी त्याचा हिशेब धरू नये.

अंड्याच्या टरफलांची पूड हा उपायही सर्रास सुचवला जातो. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते, पण फॉस्फरस जवळजवळ नसते, आणि वाढत्या पिल्लाला दोन्ही वाढीव प्रमाणात लागतात. मोठ्या कुत्र्याच्या घरगुती आहारात ती चालते; पिल्लाची गरज एकट्या टरफलाने भागत नाही. रोपवाटिकेत मिळणारा हाडांचा चुरा हे खत आहे, ते चुकूनही देऊ नये.

घरात सासूबाई आणि लहान मूल आहे, म्हणून जंतूंचा मुद्दाही गंभीर आहे. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर वारंवार सापडतात. कुत्रा स्वतः ठणठणीत राहून ते शौचावाटे बाहेर टाकू शकतो, आणि नंतर तोच मुलाचे तोंड चाटतो. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्ये कच्चे प्राणिजन्य अन्न देऊ नये अशी भूमिका घेतली, ती मुख्यतः याच कारणासाठी. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हाही संशयाची सुई खाद्याच्या मांसाकडे वळली होती. घरच्या फ्रीजरमध्ये मांस गोठवल्याने बरेच परजीवी मरतात, परंतु जिवाणू मरत नाहीत, ते केवळ निपचित पडून राहतात.

माझा सल्ला असा की चांदीला पिल्लांच्या समतोल खाद्यावर परत आणावे आणि किमान वर्षभर, म्हणजे हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, कच्चा आहार लांबवावा. मांस द्यायचेच असेल तर रोजच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, शिजवून, मीठ-मसाल्याशिवाय द्यावे. तेवढ्याने समतोल ढळत नाही.

माणदेशी

माझे आजोबा आणि चुलते मेंढरे राखत. आमच्या वाड्यावर कायम दोन-तीन कारवानी कुत्री असत, त्यामुळे थोडे लिहितो. या जातीला रोज मांस लागते ही समजूत शहरात कशी पसरली हे मला कळत नाही. आमच्या कुत्र्यांचे पोट ज्वारीच्या नाहीतर मक्याच्या भाकरीवर, ताकावर आणि मेंढीच्या दुधावर भरत असे. मेंढी व्याली की पडलेली जार त्यांची, आणि एखादे कोकरू दगावले तर तेही. एरवी मांस सणावारी.

याचा अर्थ सगळे उत्तम होते असा मात्र नाही. वाकड्या पायांची पिल्ले आमच्याकडेही निघत आणि 'वाणच तसा' म्हणून विषय संपत असे. आज डॉक्टरांचे लिखाण वाचताना त्यांपैकी दोन-तीन पिल्ले डोळ्यांसमोर आली.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. यात्रेत बकरे कापले की कलेजी-फुप्फुसावर पाण्याने भरलेल्या पांढऱ्या फोडी दिसत. तेवढा भाग कापून कुत्र्यांपुढे फेकायची रीत होती. माणसांनी खाऊ नये एवढेच कळत होते. पुढे माझ्या एका चुलतीच्या यकृतातून नारळाएवढी गाठ शस्त्रक्रिया करून काढली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरी कुत्री आणि मेंढ्या आहेत का, हा. ताई, बकऱ्याची कलेजी किंवा फुप्फुस कच्चे देऊ नका.

तालुका_पशुवैद्य

माणदेशी यांनी लिहिले ते तंतोतंत खरे आहे. त्या फोडींत एकिनोकॉकस या फीतकृमीची पिल्लावस्था असते. कुत्र्याने ती खाल्ली की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, त्यांची अंडी शौचातून अंगणात आणि कुत्र्याच्या केसांवर येतात, आणि माणसाच्या हातावाटे पोटात जाऊन यकृतात किंवा फुप्फुसात गाठ धरतात. गाठ वर्षानुवर्षे निमूटपणे वाढते. कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेले जंतनाशक देता येते, परंतु त्याआधी फोडी असलेले अवयव पुरून किंवा जाळून टाकणे अधिक महत्त्वाचे आहे.

भाकरीबद्दलही एक भर घालतो. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी अधिक प्रती असतात, हे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षे राहून हा प्राणी बदललेला आहे. धान्य त्याच्यासाठी विष नाही. केवळ भाकरीवर पिल्लू वाढवणे मात्र केवळ मांसावर वाढवण्याइतकेच अपुरे आहे.

रानवाट (पुणे)

डॉक्टर, आपले बहुतेक म्हणणे मान्य आहे. मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत मी माझी पद्धत सोडणार नाही, पण आमच्या घरी लहान मूल नाही आणि मांस कापण्यासाठी वेगळी पाटी व सुरी आहे, हा फरक मला ठाऊक आहे. कलेजी मात्र यापुढे शिजवूनच देईन.

अजिंक्यतारा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. चांदीला त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेले. पार्वोची चाचणी नकारात्मक आली, शौचाच्या तपासणीत गोल जंत सापडले आणि त्यावर औषध दिले. कलेजी आणि सिरप दोन्ही बंद केले. दोन दिवस उकडलेले चिकन आणि मऊ भात देऊन कालपासून जुने खाद्य थोडे थोडे सुरू केले आहे, आणि आज सकाळी शौच घट्ट झाले. एकच शंका राहिली आहे. तिच्या फासळ्या दिसतात, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला उपाशी ठेवता का असे विचारतो. खाद्य वाढवावे का?

तालुका_पशुवैद्य

कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणे स्वाभाविक आहे. फासळ्यांवरून हात फिरवावा. त्या सहज मोजता आल्या, पण त्यांच्यावर मांसाचा पातळ थर लागला, तर ती योग्य अंगाची आहे. पाठीच्या कण्याचे मणके आणि खुब्याची हाडे टोचू लागली तरच खाद्य वाढवावे. दर रविवारी आपण स्वतः वजनकाट्यावर उभे राहून आधी एकट्याचे आणि मग तिला कडेवर घेऊन वजन करावे, व फरक वहीत लिहून ठेवावा. पुढच्या लसीला येताना ती वही डॉक्टरांना दाखवावी.