क्षेत्रकार्यातील टिपणे : वहीत लिहावीत की थेट टंकित करावीत?

जाते_आणि_पहाट (प्रश्न)

नमस्कार. मी जात्यावरच्या ओव्यांवर पीएचडीचे संशोधन करीत असून गेली दोन वर्षे मुळशी आणि मावळ भागांतील गावांत जाऊन बायकांकडून ओव्या ऐकते आहे. एम.ए.च्या प्रकल्पाच्या वेळी मी सारे काही वहीत लिहीत असे. पीएचडीला लागल्यापासून वेळ वाचावा म्हणून समोर लॅपटॉप उघडून टिपणे घेऊ लागले. ध्वनिमुद्रण दोन्ही वेळा केलेले आहे. आता पहिले प्रकरण लिहायला बसल्यावर जाणवते की लॅपटॉपवरची टिपणे पानेच्या पाने भरली असली तरी वाचताना ती दुसऱ्याच कुणीतरी घेतल्यासारखी वाटतात. याउलट जुनी वही उघडली की आजी कोणत्या ओळीवर थांबल्या, सुनेने त्यांना कुठे दुरुस्त केले, हे लख्ख आठवते. एका पानावर 'सासुरवास' या शब्दापासून समासात बाण काढून मी 'सासू घरात नसताना' एवढेच लिहिलेले आहे, आणि या प्रकरणातला माझा मुख्य मुद्दा त्या तीन शब्दांतून उभा राहिला आहे.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. मी रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवणारा कळफलक वापरते. बाई 'व्हतं' म्हणाल्या की सुचवणीत 'होतं' आधी येते, 'पानी'चे 'पाणी' होते, आणि घाईत बोट तिकडेच जाते. ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्यावर एकाच फाइलमध्ये अशा वीसेक जागा सापडल्या. बोलीच्या अभ्यासात हे चालणार नाही. मी पुन्हा वहीकडे वळावे, की दोष माझ्याच पद्धतीत आहे?

रेघ_आणि_बिंदू

ताई, मी शासकीय सेवेत 31 वर्षे मराठी लघुलेखक होतो. हाताने लिहिलेले लक्षात राहते, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही, कारण मी मिनिटाला शंभराहून अधिक शब्द हातानेच उतरवत असे आणि बैठक संपल्यावर साहेब नेमके काय म्हणाले असे कुणी विचारले, तर मला धड सांगता येत नसे. ऐकू आले की हात चालायचा. मध्ये विचाराला जागाच नव्हती. अर्थ कळायचा तो नंतर, खुणांवरून मजकूर तयार करताना. लघुलिपीत वेगासाठी बरेच स्वर गाळावे लागतात, त्यामुळे एकच खूण दोन शब्दांची असू शकते, आणि मागचापुढचा संदर्भ लावल्याशिवाय कोणता शब्द घ्यावा हे ठरत नाही. तिथे थांबावे लागे, आणि जिथे थांबलो तेवढे मला आजही आठवते.

तेव्हा माझ्या मते फरक लेखणी आणि यंत्र यांच्यात नसून जसेच्या तसे उतरवणे आणि निवडून लिहिणे यांच्यात आहे. साधी बाळबोध अक्षरे बोलण्याच्या वेगाने लिहिताच येत नाहीत, म्हणून वही आपल्याला निवड करायला भाग पाडते. शब्द सांभाळायला आपल्याकडे ध्वनिमुद्रण आहेच. मग आपण शब्द लिहूच नयेत. यंत्राला ऐकू येत नाही ते लिहावे : कोण हसले, कोण उठून गेले, कोणती ओवी दुसरीने अर्ध्यात तोडली.

काठावरची_टीप

वरील अनुभवाला संशोधनाचा काहीसा आधार आहे. 2014 मध्ये अमेरिकेतील पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्याने दाखवून टिपणे घ्यायला लावली. लॅपटॉपवाल्यांनी अधिक लिहिले, पण वक्त्याचेच शब्द अधिक उचलले, आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत ते मागे पडले. 'जसेच्या तसे लिहू नका' असे बजावूनही ती सवय सुटली नाही. मात्र 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातील मेंदूच्या विद्युत्-आलेखांचा अभ्यासही हल्ली फार सांगितला जातो. परंतु त्यात 36 विद्यार्थी होते, ते सुटे शब्द लिहीत होते आणि टंकन एकाच बोटाने करीत होते. दोन तासांच्या मुलाखतीला तो निष्कर्ष लावताना सावध राहावे, असे मला वाटते.

संथ_वाहते

माझ्या उजव्या हाताला कंप आहे आणि माझे अक्षर मलाच लागत नाही, त्यामुळे वहीचा सल्ला मला उपयोगाचा नाही. मी व्याख्यानात लॅपटॉप मिटून ऐकतो आणि बाहेर आल्यावर दहा मिनिटांत आठवेल तेवढेच टंकित करतो. निवड अशीही होते.

जोडाक्षर

तुमच्या दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो. रोमनमधून मराठी उमटवणारी साधने शब्दाचा अंदाज बांधतात, आणि अंदाज नेहमी प्रमाणभाषेकडे झुकतो. त्यापेक्षा इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्या. विंडोजमध्ये तो आयताच असतो. त्यावर 'व्हतं' म्हणजे व, हलन्त, ह, त, अनुस्वार; मध्ये कुणी दुरुस्ती करीत नाही. पहिले पंधरा दिवस अडखळायला होईल, कारण 'कि' लिहिताना आपला हात वेलांटी आधी काढतो आणि इथे क आधी द्यावा लागतो. 'अर्थ'मधला रफार आपण शेवटी चढवतो, इथे र आणि हलन्त थच्या आधी येतात. म्हणजे हात दिसण्याच्या क्रमाने चालतो आणि कळफलक उच्चाराच्या. कानाने ऐकून लिहिणाऱ्याला हा क्रम लवकर अंगवळणी पडतो.

पण वहीवरच थांबू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, हे तुम्हाला ठाऊकच असेल. एवढ्यांतून एक शब्द शोधणे वह्या चाळून होणारे काम नव्हे. जुन्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर त्याही आताच रूपांतरित करा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती चिन्हे दिसतात.

जाते_आणि_पहाट

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी लॅपटॉप घरी ठेवून वही घेऊन गेले. दोन तासांत जेमतेम दीड पान झाले आणि संध्याकाळी ध्वनिमुद्रण ऐकत इनस्क्रिप्टवर ओव्या उतरवल्या. हात फारच हळू चालला, पण 'व्हतं' तसेच राहिले. एक गोष्ट मात्र अनपेक्षित घडली. निघताना आजींनी वही मागून घेतली, त्यांचे नाव कुठे लिहिले आहे ते विचारले आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवले. मग भावाची एक ओवी म्हणाल्या. तोवर मी मुद्रण बंद केले होते, त्यामुळे ती उभ्यानेच, शिरोरेघा न देता, लिहून घेतली.

रेघ_आणि_बिंदू काका, आपल्या लघुलिपीतल्या थांबण्याच्या, हसण्याच्या, दुसरीने ओळ उचलल्याच्या अशा काही खुणा असतील तर कृपया सांगाल का? नसतील तर मला त्या ठरवून घ्याव्या लागतील, आणि ते आपल्याला विचारूनच करावे असे वाटते.